बोटाच्या खुणा कुणी ठरवल्या?

आज आपण फोनविषयी बोलणार आहोत, पण कुठला घ्यावा आणि केवढ्याला घ्यावा याविषयी नाही. फोनच्या काचेवर आपण बोटानं ज्या खुणा करतो त्या आल्या कुठून, हे आज बघायचंय. बोट टेकवायचं, सरकवायचं, दाबून धरायचं, दोन बोटांनी चित्र मोठं करायचं, या त्या खुणा.

विषय का निवडला ते सांगते. गटाच्या बैठकीत फोन हातात दिला की निम्म्या बाया म्हणतात, "ताई, राहू द्या, माझं बोटच चालत नाही त्याच्यावर." घरात नातू एकदा हसला की फोन जो ट्रंकेवर जाऊन बसतो, तो वाजला तरच खाली येतो. जणू या खुणा आभाळातून पडल्या, सगळ्या जगाला जन्मतःच येतात आणि आपल्यालाच तेवढ्या येत नाहीत. पण तसं नाहीये. त्यांतली प्रत्येक खूण कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी अडचण होती म्हणून ठरवली. काही चांगल्या ठरल्या, काहींवरून कोर्टात भांडणं झाली आणि काही अजूनही धड नाहीत.

सुरुवात १९६५ सालापासून करू. इंग्लंडमध्ये मालव्हर्न गावी सरकारची रडार संशोधन संस्था होती. तिथले ई. ए. जॉन्सन यांनी त्या वर्षी एक छोटासा लेख छापला. संगणकाच्या पडद्यालाच बोट लावून काम करून घेता येईल, असं त्यात मांडलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे विमानांची वाहतूक सांभाळणारी माणसं होती. आभाळात विमानं घिरट्या घालत असताना बटणं शोधत बसायला वेळ कुणाला? समोर दिसतंय त्यालाच बोट लावावं, इतकी साधी ती कल्पना. तेव्हा खूण एकच होती, बोट टेकवायची.

पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकवण्यासाठी केलेल्या संगणकाला असा पडदा बसवला गेला. त्या संगणकाचं नाव प्लेटो. पडद्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची आडवी-उभी जाळी होती, सोळा बाय सोळा घरांची. सारीपाटाच्या घरावर सोंगटी ठेवावी तसं मुलं उत्तराच्या घरावर बोट ठेवायची. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे नावाच्या डॅनिश अभियंत्यानं हातानं टिपण लिहून काचेच्या आरपार दिसणाऱ्या बटणांचा आराखडा मांडला. तिथं एक प्रचंड यंत्र उभं राहत होतं आणि त्याच्या नियंत्रणासाठी भिंतभर बटणं, दट्टे, चाव्या लागल्या असत्या. स्टुम्पे आणि त्यांचे सहकारी फ्रँक बेक यांच्या पडद्यावर बटणाची जागा तीच राहायची, पण त्याचं नाव आणि काम बदलायचं. १९७६ साली ते यंत्र सुरू झालं तेव्हा हे पडदे कामाला लागले होते.

१९८३ मध्ये ह्युलेट पॅकार्ड कंपनीनं बोट लावायच्या पडद्याचा संगणक दुकानात आणला. त्याच्या चौकटीला किरणांसाठी बारीक भोकं होती आणि त्यांत धूळ साचायची, ती साफ करत बसावं लागे. त्यात पडदा उभा, हात सारखा पुढे धरून ठेवायचा. भिंत पोतारताना हात कसा भरून येतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ऑफिसात बसणाऱ्यांना मात्र त्यासाठी यंत्र विकत घ्यावं लागलं! पडदा आडवा होऊन तळहातावर आला तेव्हाच या खुणांना बरे दिवस आले.

आता मला फार महत्त्वाचं वाटतं ते एक काम सांगते, कारण ते तुम्ही रोज वापरता आणि त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत १९८८ साली एक साधा प्रश्न घेतला गेला. बोट पडद्यावर टेकलं की काम व्हावं, की बोट उचललं की व्हावं? त्यांनी तीन पद्धती तपासल्या. एकीत बोट पहिल्यांदा जिथं टेकलं तेच धरायचं. दुसरीत बोट फिरत फिरत ज्या पहिल्या बटणाला लागेल ते धरायचं. तिसरीत बोट टेकवून हवं तितकं हलवायचं, नीट जागेवर आणायचं आणि उचललं की मगच काम. या तिसरीत चुका कमी झाल्या. घाई करणाऱ्याला दुसरी बरी पडली, पण चुका कमी हव्या असतील तर तिसरी.

याचा उपयोग बघा. आजच्या फोनवरची बहुतेक बटणं बोट उचलल्यावर चालतात. म्हणजे बोट चुकीच्या बटणावर पडलं, तर दचकून उचलायचं नाही. तसंच टेकलेलं ठेवून बाजूला मोकळ्या जागी सरकवायचं आणि मग उचलायचं. काहीच होत नाही. घाबरून पटकन उचलतो तेव्हाच काम होऊन बसतं. मी प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हेच शिकवते, आणि ते शिकल्यावर बायांचे खांदे खाली येतात, हे मी बघितलंय.

दोन बोटांची खूण वेगळ्या वाटेनं आली. १९८२ साली टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधासाठी धुरकट काच आणि तिच्यामागे कॅमेरा लावून एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारं यंत्र केलं. त्याच सुमारास मायरन क्रूगर हे कलाकार-संशोधक पडद्यावरच्या वस्तू चिमटीनं लहानमोठ्या करून दाखवत होते. पण या खुणा लोकांच्या हातात आणण्यामागे एका दुखऱ्या हाताची कथा आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन हा संशोधक टाइप करून करून हाताच्या दुखण्यानं बेजार झाला होता. बटणं दाबायला जोरच लागू नये म्हणून त्यानं आणि त्याचे प्राध्यापक जॉन इलायस यांनी नुसत्या स्पर्शानं चालणारे सपाट फळे केले, १९९८ मध्ये फिंगरवर्क्स नावाची कंपनी काढली, आणि कोणत्या बोटांनी कोणतं काम करायचं याची एक अख्खी भाषाच तयार केली. २००५ साली ॲपलनं ती कंपनी घेतली. दोन वर्षांनी, जानेवारी २००७ मध्ये, आयफोन जगापुढे आला.

आयफोनमध्ये बोटाची काच कशी चालते, तेही सांगते, कारण "माझं बोट चालत नाही" याचं उत्तर त्यात आहे. आपल्या अंगात पाणी आणि क्षार असल्यामुळे शरीरातून थोडी वीज वाहू शकते. काचेखाली नजरेला न दिसणारी बारीक जाळी असते, तिच्यात विजेचा भार असतो. बोट आलं की तिथला भार बदलतो आणि फोनला जागा कळते. नख लावलं तर कळत नाही. ज्या बोटाची कातडी खुरपून, भांडी घासून, चुलीशी काम करून कोरडी आणि घट्ट झालीय, तिथंही फोनला नीट कळत नाही. उलट हात ओले असले तर पाण्याचा थेंबही बोटासारखाच वागतो आणि काच गोंधळते. म्हणजे दोष अकलेचा नाही, कातडीचाही नाही. काच मऊ आणि कोरड्या बोटाच्या हिशेबानं केलेली आहे. हात पुसून, बोटाला किंचित क्रीम लावून, टोकाऐवजी बोटाचा मऊ गर टेकवला तर बराच फरक पडतो.

त्या पहिल्या आयफोनवर फोन उघडायला एक खूण होती, डावीकडून उजवीकडे पट्टी सरकवायची. ॲपलच्या डिझायनरला ती विमानातल्या संडासाची कडी बघून सुचली, असं पुढे छापून आलं. म्हणजे आपली मोरीची कडी हो, दुसरं काय. मला ही खूण सगळ्यांत आवडते. पिशवीत, कमरेला खोचलेल्या बटव्यात फोन चुकून उघडू नये आणि उघडायचा असेल तेव्हा सोपा असावा, दोन्ही गोष्टी तिनं साधल्या. शिवाय पट्टीवर बाण आणि सूचना लिहिलेली असायची, त्यामुळे कुणी शिकवावं लागत नसे. यावरूनही भांडण झालं. स्वीडनच्या निओनोड कंपनीच्या फोनमध्ये आधीच सरकवून उघडायची सोय होती. २०१५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं ॲपलचा या खुणेवरचा हक्क नाकारला. यादी संपली की पडदा रबरासारखा ताणून परत येतो ना, त्यावरून आणि चिमटीच्या खुणेवरूनही अमेरिकेत खटला चालला, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीनं सॅमसंगला शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितली. नंतर ती रक्कम कमी झाली, पण बोट कसं हलवावं यावर मालकी सांगता येते, हे ऐकूनच मला हसू आलं होतं. उद्या भाकरी थापायच्या खुणेवरही कुणी हक्क सांगेल.

अँड्रॉइड फोन २००८ साली आले. त्यांनी कुलपासाठी नऊ ठिपके दिले, बोट न उचलता ते जोडायचे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला हे कधी अवघड गेलं नाही. अक्षर न येणारी बाईसुद्धा आपली नक्षी विसरत नाही. नियमात बसणाऱ्या अशा नक्ष्या ३,८९,११२ होतात. पण एक धोका आहे. काचेवर बोटाचा माग राहतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की फोन उजेडात तिरका धरला तर तो माग वाचून कुलूप ओळखता येतं. त्यामुळे कणकेच्या, तेलाच्या बोटानं फोन उघडला तर पदरानं काच पुसून टाकायची.

इथवर खुणा अभियंत्यांनी ठरवल्या. लोकांना विचारलं का कुणी? विचारलं. २००९ मध्ये जेकब वॉब्रॉक, मेरेडिथ मॉरिस आणि अँड्र्यू विल्सन यांनी वीस साध्या माणसांना पडद्याच्या मेजासमोर बसवलं. त्यांना कामाचा परिणाम आधी दाखवायचा, म्हणजे चित्र मोठं झालं, वस्तू नाहीशी झाली, आणि विचारायचं, हे घडवायला तुम्ही कोणती खूण कराल? सत्तावीस कामं, एका हातानं आणि दोन हातांनी, मिळून १,०८० खुणा जमल्या. निष्कर्ष असा निघाला की किती बोटं लावतो याची माणसाला फारशी फिकीर नसते आणि दोन हातांपेक्षा एकच हात वापरणं आवडतं. एका कडेवर पोर असलेल्या बाईला विचारलं असतं तर तिनं हे फुकट सांगितलं असतं, पण विचारलं हे काही कमी नाही.

त्याच वर्षी अंध माणसांसाठी मोठी गोष्ट झाली. सपाट काच म्हणजे त्यांच्यासाठी बंद दारच. त्याआधी वर्षभर शॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगात दाखवलं होतं की बोट फिरवताना फोन बोलत राहिला तर न बघताही वापरता येतो. जून २००९ च्या आयफोनमध्ये ही सोय आली आणि अँड्रॉइडमध्येही बोलणारा फोन आला. बोट ठेवलं की फोन नाव सांगतो, पण करत काही नाही. तेच हवं असेल तर दोनदा टिचकी मारायची. आधी ऐकायचं, मग ठरवायचं. डोळस माणसांच्या फोनलाही ही रीत लावली असती, तर कितीतरी बाया निर्धास्त झाल्या असत्या, असं मला नेहमी वाटतं.

२०१० मध्ये डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन या नावाजलेल्या दोन जाणकारांनी उघड टीका केली, की हे बोटांचे फोन वापराच्या सोयीत एक पाऊल मागे गेलेत. बटण निदान दिसतं, खूण दिसतच नाही. कुठं सरकवायचं, कुठं दाबून धरायचं, हे काचेवर कुठंच लिहिलेलं नसतं. घरात कडी दिसली की दार कळतं, इथं दारच दिसत नाही. पण कंपन्यांनी उलटीच वाट धरली. २०१७ च्या आयफोन टेननं घरी न्यायचं गोल बटण काढून टाकलं. २०१९ च्या अँड्रॉइड दहानं खालची तीन बटणं, म्हणजे मागे, घर आणि उघडलेली कामं, यांच्याऐवजी कडेवरून बोट ओढायच्या खुणा आणल्या. पडदा थोडा मोठा दिसावा म्हणून. ज्या बाईनं महिनाभर खपून तीन बटणं पाठ केली, तिनं नवा फोन घेतला की तिचं शिकणं पाण्यात! हा मला अन्याय वाटतो.

आपल्याकडे काय झालं? बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये इंद्राणी मेधी यांनी २००६ च्या आसपास घरकाम करणाऱ्या, न शिकलेल्या किंवा थोडं शिकलेल्या बायांसोबत बसून अक्षरांशिवाय चालणारा संगणक घडवायचा प्रयत्न केला. काम शोधून देणारी सोय होती ती. फोटोपेक्षा साधी रेखाटनं बरी पडली, प्रत्येक चित्राला आवाज दिला, आणि चित्रात नुसती वस्तू नको, क्रिया हवी, हेही लक्षात आलं. नळ काढला तर त्यातून पाणी वाहताना दिसायला हवं, तेव्हा ते धुण्याचं काम आहे हे कळतं. तरीही अडलंच. चित्रं कळली, पण या डब्यात कामाची खबर येते कुठून, हे कळेना. मग त्यांनी छोटी फिल्म केली. त्यात मालकीण काम असल्याचं कळवते, ते संगणकात जातं आणि बाईला काम मिळतं, अशी सगळी साखळी दाखवली. फिल्म बघितल्यावर बायांना ते वापरणं जमू लागलं. पुढच्या अभ्यासात आणखी एक दिसलं. एकात एक दडलेल्या याद्या, म्हणजे यात जा, मग त्यात जा, मग खाली जा, या कमी शिकलेल्या माणसांना चित्रांनीसुद्धा जड जातात. सगळं एका सपाट यादीत मांडलं तर सापडतं. शाळेत आपण अक्षरांबरोबर अशी प्रकरणं-पोटप्रकरणं करायलाही शिकतो, आणि ज्यांची शाळा सुटली त्यांचं तेही सुटतं.

आणि मुंबईच्या आयआयटीत, डिझाइन शिकवणाऱ्या केंद्रात, अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटानं स्वरचक्र केलं. २०१३ साली ते अँड्रॉइडवर आलं, मराठीसकट अनेक भारतीय भाषांसाठी. इंग्रजी अक्षरांवरून मराठी जुळवत बसायचं नाही. अक्षरं आपल्या वर्णमालेच्या क्रमानं, क ख ग घ. "क" वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं. त्यात का, कि, की, कु, कू अशी बाराखडी असते. बोट न उचलता हव्या त्या मात्रेकडे सरकवायचं आणि उचलायचं. "की" तयार. जोडाक्षर हवं असेल तर पाय मोडलेला "क्" निवडायचा आणि पुढचं अक्षर घ्यायचं. १९८८ चं ते "उचलल्यावर काम" इथं बाराखडीला येऊन भेटलं, बघा. साक्षरता वर्गात पाटीवर बाराखडी घोटलेल्या बाईला दुसरं काही शिकावं लागत नाही, पाटीवर शिकलेलंच इथं कामाला येतं. खुणेची सोय कशी असावी, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

लिहायचंच नसेल तर? व्हॉट्सॲपनं २०१३ मध्ये आवाजाचे निरोप सुरू केले. माइक दाबून धरा, बोला, बोट सोडा, निरोप गेला. नको असेल तर बोट बाजूला सरकवा. पोलिसांच्या वायरलेससारखी ही खूण बोलायला सोपी, पण लांबलचक निरोप सांगताना अंगठा दाबून ठेवायचा म्हणजे शिक्षाच. अंगठा निसटला की अर्धाच निरोप जाणार. काही वर्षांनी वर सरकवून कुलूप लावायची सोय झाली, म्हणजे मग हात मोकळा. बैठकीचा निरोप द्यायच्या आधी बायांना हे कुलूप जरूर दाखवा, बऱ्याच जणींना ते माहीत नसतं.

पैशाच्या बाबतीत मात्र सोपं म्हणजे चांगलं, असं मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे पाठवणं हे निरोप पाठवण्याइतकं सोपं झालं. पिन टाकायची पायरी मधे आहे, ती अडथळा म्हणूनच ठेवलीय आणि ती राहायलाच हवी. फसवणारा हीच पायरी आपल्याकडून "पैसे मिळवण्यासाठी" म्हणून करून घेतो. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ज्यांना काचेचा फोनच नको, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये साध्या बटणाच्या फोनवरून, नंबर फिरवून आणि आवाज ऐकून चालणारं यूपीआय सुरू केलंय, हेही लक्षात ठेवा.

आता पुढच्या बैठकीला फोन घेऊन या, दोन गोष्टी करू. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी जुनी तीन बटणं परत आणायचा पर्याय अजून आहे. ज्यांची सवय मोडलीय त्यांनी तो लावून घ्या. दुसरं म्हणजे, त्याच सेटिंगमध्ये अपंगांच्या सोयींचा भाग असतो. "दाबून धरणं" म्हणजे किती वेळ, ते तिथं कमी, मध्यम किंवा जास्त असं ठरवता येतं. ज्यांचं बोट थोडं थांबून उचलतं आणि भलतंच काहीतरी उघडतं, त्यांनी ते "जास्त" वर ठेवायचं. शेजारच्या आजींचा फोनही आणा, त्यांना विचारून.